विषयाची कोरी ओळ

आईबाबांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते बाजूला ठेवतो. त्यांच्यानंतर ज्या एका माणसामुळे मी चार ओळी लिहायला शिकलो, ते म्हणजे अर्जीवाले मामाजी. त्यांना खरं नाव होतं. प्रत्येक अर्जाच्या तळाशी 'लिहिणार' म्हणून बारीक अक्षरात ते लिहीतही असत. पण तहसीलच्या आवारात ते नाव कोणी घेत नसे. साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते मामाजी. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते बसत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, त्यात गावाचं नाव कशाला?

आधी माझी अडचण सांगतो. नागपूरच्या एका संपादकांनी माझ्याकडे पुस्तक मागितलं आहे. आमच्या भागातल्या नऊ माणसांची नऊ व्यक्तिचित्रं, दिवाळीपर्यंत. दिवाळीला सात आठवडे उरले आहेत आणि नऊपैकी एकही चित्र पुरं झालेलं नाही. घरातला मी पहिला पदवीधर. आमच्या गावी, एकोडीला, बाबांनी चौकात सांगून ठेवलं आहे, "पोराचं पुस्तक येऊन राहिलं." बाबांना सही येते, वाचता येत नाही. तरी दर रविवारी फोनवर विचारतात, "किती झालं गा?" धानाच्या लावणीचा रोवणा किती बांध्यांचा, म्हणजे किती खाचरांचा, उरकला असं विचारावं, त्या सुरात. मी म्हणतो, "होऊन राहिलं, बाबा." होत काही नसतं.

बी.ए. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती त्या तहसीलच्या आवारातल्या सेतू केंद्रात, कंत्राटी. माझ्या खिडकीसमोर पंधरा पावलांवर निंबाचं झाड होतं आणि झाडाखाली मामाजींचं टेबल. लोक आधी त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत, मग माझ्याकडे येत. मी तो संगणकात भरायचा, कागद स्कॅन करायचे, पावती द्यायची. एका परीने आम्ही सहकारीच.

मामाजींच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती. बाजूला बाक होता. अर्जदाराने त्यांच्या शेजारी बसायचं आणि दोघांनी समोरच्या रस्त्याकडे पाहायचं. "समोरासमोर बसलं का मानूस साहेबापुढं उभा असल्यासारखा बोलते," ते म्हणत. माणूस बोलू लागला की मामाजी पेन उचलत नसत. पेन टोपण लावून मांडीखाली दाबलेलं असे आणि हात शिंगाडे सोलण्यात गुंतलेले. तलावावरून एक बाई टोपली घेऊन येई, तिच्याकडून उकडलेले शिंगाडे घेत. त्या दिवसांत त्यांच्या बोटांची टोकं काळी पडलेली असत आणि अर्जाच्या कोपऱ्यावर एखादा काळा ठसा हमखास उमटे. शिंगाडे संपले की हरभऱ्याचे घाटे, मग भुईमुगाच्या शेंगा. आणि काहीच मिळेनासं झालं की पिशवीतून कोशाच्या रेशमी धाग्याचा एक गुंतवळा निघे. त्यांचं घर मूळ मोहाडीकडचं, विणकरांचं. माग कधीच मोडला होता, पण तो गुंतवळा ते तीन उन्हाळे सोडवत होते.

एकदा मी विचारलं, "मामाजी, हे कायले करता जी?"

"हात मोकळा राहिला का लिवाले धावते," ते म्हणाले. "तोंडातून पुरं निंघाच्या आधी हात धावला, का अर्धं पोटातच राहते."

त्यांची दुसरी तऱ्हा याहून विचित्र. अर्ज लिहायला घेतला की 'प्रति' लिहीत, तारीख लिहीत, 'विषय' लिहून टिंब देत आणि पुढे दोन बोटं जागा कोरी सोडून सरळ मजकुराला हात घालत. सगळा अर्ज लिहून झाला, अर्जदाराला वाचून दाखवला, त्याने मान हलवली, की मग वर जाऊन विषय भरत. मी शाळेत पत्रलेखनाला पैकीच्या पैकी गुण मिळवलेला मुलगा. मला ते बघवेना.

"विषय आधी असते ना जी?"

"कोन म्हनते?"

"नमुन्यात आहे."

"नमुन्यातल्या मानसाले घरदार नसते ना बाप्पा. जित्या मानसाले आपला विषय कोठी मालूम राहते? त्याले वाटते, तो राशन कार्ड वेगळं कराले आला. बोलता बोलता मालूम पडते का पोरानं चूल वेगळी मांडली, ते सांगाले आला. आधी विषय लिवला, का मानूस त्याच्या दावणीले बांधला जाते."

राशन कार्डाचा तो म्हातारा मला आठवतो. सात-आठ शिंगाड्यांइतका वेळ बोलला, दुपट्ट्याने तोंड पुसलं, "राहू द्या मामाजी, पोरालेच विचारून पाहतो," म्हणाला आणि अर्ज न लिहिताच निघून गेला. मामाजींनी सोललेले शिंगाडे त्याच्या हातावर ठेवले.

लोक चिडतही. कोणी म्हणे, "मामाजी, लवकर लिवा ना, मले बस पकडाची आहे."

"मंग बस पकड. अर्ज उद्या पकडजो."

आवक-जावकचे बाबू चहाला जाताना टोमणा मारत, "काय मामाजी, कादंबरी लिहून राहिले का?"

"तुमी वाचत नाही, म्हून अर्जच लिवतो."

सगळेच हसत. मीही हसे. पण मनात मला त्यांची काळजी वाटे, आणि थोडी लाजही. मी नुकतंच कार्यालयीन पत्रव्यवहाराचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. मला वाटे, या माणसाला कोणीतरी नीट शिकवायला हवं.

आता माझ्या पहिल्या लेखाबद्दल. दुपारी जेवणानंतर सर्व्हर बंद पडे. मी बाकावर जाऊन बसे आणि एकोडीच्या गोष्टी सांगे. आमच्या गावात एक म्हातारी दाई होती. रस्त्यात कोणीही दिसला, चांगला मिशीवाला बाप्या असला, तरी त्याला हटकून म्हणायची, "काहून बे, ओळखत नाही? मीच तं तुले आणलं दुनियेत!" मी ते सांगितलं, मामाजी शेंगा सोलत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ते दाईचं सांग." पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी सांगता सांगता माझ्या तोंडून निघालं की ती मेली तेव्हा तिने आणलेली सगळी पोरं कामाला बाहेरगावी होती आणि खांदा द्यायला चौघं जमवताना दुपार टळली.

मामाजींचा हात थांबला. "हे तू काल नाही सांगितलं."

"काल आठवलं नाही जी."

"आठवलं होतं. निंघालं नव्हतं. जा, लिव आता."

मी खिडकीत परत गेलो. वाया गेलेल्या प्रिंटांचा गठ्ठा होता, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या लिहीत सुटलो. ओठ हलत होते, स्वतःशीच बोलत होतो. शेवटापासून सुरुवात केली आणि मग मागे गेलो. पाठकोरेच का, तर नवी वही मला लहानपणापासून घाबरवते. आमच्याकडे नवी वही फक्त फेअरची असायची. तिच्यात खाडाखोड झाली की आई नुसती वही हातात घेऊन पान पाहायची. ते मारापेक्षा वाईट. पाठकोऱ्या कागदाला मात्र कोणाची भीती नसते. तो आधीच बिघडलेला असतो.

तो लेख दिवाळी अंकात छापून आला. मामाजींनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "विषय कवा लिवला?"

"शेवटी जी."

"हव," ते म्हणाले. एवढंच. पण त्या दिवशी सोललेल्या शिंगाड्यांची ओंजळ त्यांनी माझ्या खिडकीत ठेवली.

म्हणजे माझी तऱ्हा मला तेव्हाच सापडली होती. कोणाला तरी सांगायचं, पुन्हा सांगायचं, मग पाठकोऱ्यावर पुटपुटत लिहायचं. पण ती तऱ्हा माझी आहे, हे मला मान्य नव्हतं. ती मला गरिबीची खूण वाटे. पुढे एम.ए. झालो, भंडाऱ्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागलो, टेबल आलं, टेबलावर दिवा आला. सेतूतून आणलेला पाठकोऱ्यांचा गठ्ठा मी पेटीत घालून पेटी पलंगाखाली सारली. त्याला आणखी एक कारण होतं, ते पुढे सांगतो.

पुस्तकाचं ठरल्यावर मी एका लेखन कार्यशाळेला गेलो. तिथे सांगितलं, आधी आराखडा करा. मी भिंतीवर नऊ कार्डं चिकटवली. प्रत्येकावर एक माणूस आणि त्याचा विषय. आईचं कार्ड : श्रम. दाईचं, पुस्तकासाठी नव्याने लिहायचं : माया. मामाजींचं : निष्ठा. एकजण म्हणाला, पहाटे चारला उठा. उठलो. पाचपर्यंत कोरं पान पाहिलं आणि दिवसा वर्गात पेंगलो. एकजण म्हणाला, रोज पाचशे शब्द लिहा, कसेही. लिहिले. ते खरोखरच कसेही होते. शेवटी वाटलं, आपले मामाजीच बरे. बाजारातून किलोभर शिंगाडे आणले, उकडले आणि टेबलाशी सोलत बसलो. शिंगाडे संपले, पान कोरंच.

बायको म्हणाली, "पुस्तक होऊन नाही राहिलं, पन फराळ चांगला होऊन राहिला."

मी हसलो नाही. मला भीती वाटू लागली होती की दाईचा लेख हा चुकून लागलेला आकडा होता. माझ्यात दुसरं काही नाही. संपादकांना तसं कळवावं लागेल आणि बाबांना चौकातून जाताना मान खाली घालावी लागेल. मामाजींवरच्या लेखाच्या मी अकरा सुरुवाती केल्या. अकराही एकाच जागी येऊन थांबल्या. ती जागा म्हणजे एका बाईचा अर्ज.

ती बाई त्या तालुक्यातल्या एका खेड्यातली. नवरा वारला होता. धानाची जमीन दिराच्या आणि नवऱ्याच्या नावावर होती. वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्यावर लागायचं होतं आणि दिराची हरकत होती. त्याचं म्हणणं, ही तर केव्हाच फारकत घेऊन माहेरी निघून गेली, जमिनीशी हिचा काय संबंध? ती मामाजींच्या बाकावर बसली. नवरा कधी वारला, दीर काय म्हणतो, सगळं सांगून झालं. मामाजी शिंगाडे सोलत होते. "अजून?" ते म्हणाले. तिने तेच पुन्हा सांगितलं. "अजून?" तेव्हा ती चिडली.

"अजून का सांगू जी? तीस रोवणे रोवले मी त्या बांधीत! तीस! माह्या उजव्या हाताले कोन राहे, डाव्या हाताले कोन राहे, कोनत्या साली कोनती बाई पाय घसरून पडली, ते सांगू का आता?"

"हव," मामाजी म्हणाले. मांडीखालून पेन काढलं. "तेच सांग."

तिने नावं सांगितली. कोणत्या साली शेजारी कोण होती, कोण कुठल्या घरची, कोण अजून जिवंत आहे. अर्ज पानभर झाला, दोन्ही समासांपर्यंत. शेवटी मामाजींनी वरची कोरी ओळ भरली. 'विषय : तीस रोवणे रोवलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावर येण्याबाबत.' कोपऱ्यावर त्यांच्या बोटाचा काळा ठसा.

ती तो अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी आली. संगणकात आधी विषय निवडावा लागे, यादीतून, त्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. तीस रोवण्यांचा विषय यादीत नव्हता. तपशिलाला पाचशे अक्षरांची जागा होती. मूळ अर्ज स्कॅन करून जोडला असता तर काम झालं असतं, जोडायची सोय होती. पण मला तो अर्ज साहेबांसमोर जावासा वाटला नाही. ठसा, समासातली नावं, तो विषय. मला वाटलं, हसतील. बाईला हसतील, मामाजींना हसतील. मी चांगल्या मनाने केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी तो अर्ज नमुन्याप्रमाणे नव्याने टाइप केला. सहा ओळी, स्वच्छ. विषय : वारस नोंद घेणेबाबत. नावं काढून टाकली, अनावश्यक म्हणून. तिचा अंगठा घेतला, तिला पावती दिली आणि मूळ अर्ज वाया गेलेल्या प्रिंटांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

सुनावणीत दिराने त्याचं म्हणणं मांडलं. बाईच्या अर्जात पुराव्यासारखं काही नव्हतं. ती गांगरली, साहेबांसमोर तिला एकही नाव आठवेना. अर्ज पुराव्याअभावी निकाली निघाला. नावं कागदावर असती तर त्या बायांना विचारता आलं असतं.

निकालाची प्रत घेऊन ती मामाजींच्या शेजारी येऊन बसली. मी खिडकीतून सगळं ऐकत होतो.

"मामाजी, तुमचं लिवलेलं तठी काही पोचलं नाही जी."

"तीस रोवण्याचं इचारलं नाही?"

"नाही जी. कोनीच नाही इचारलं."

हातातला शिंगाडा अर्धा सोललेला होता, तो मामाजींनी तसाच टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते दुकानातून छापील नमुन्यांचा गठ्ठा घेऊन आले. माणूस आला की विचारू लागले, "विषय का?" आणि तो सांगेल ते पहिल्या ओळीत लिहू लागले. अर्ज पटापट व्हायला लागले. आवक-जावकचे बाबू म्हणाले, "आता कसं सुधारले मामाजी!" त्यांचे हात दिवसभर टेबलावर रिकामे पडलेले असत. त्या हातांकडे पाहायला नको म्हणून मी खिडकीचं एक दार लावून घेतलं. सर्व्हर बंद असला तरी बाकावर जाईनासा झालो. वर्षभरात ते मुलीकडे, भंडाऱ्याजवळच्या कारध्याला, निघून गेले. मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला पंधरा पावलं जायचं होतं.

बाईने भंडाऱ्याला वकील लावून अपील केलं. दोन वर्षांनी तिचं नाव लागलं. ती दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या बांधीत रोवणे केले.

मागच्या महिन्यात मी कारध्याला गेलो. स्वतःला सांगितलं, लेखनाबद्दल विचारायला जातो आहे. पूल ओलांडून गावात शिरलो. मामाजी ओट्यावर बसले होते. डोळ्यांना आता कमी दिसतं.

"कोन?"

"मी जी. खिडकीतला."

"काहून, आज सर्व्हर बंद आहे का?"

त्यांची मुलगी आतून चहा घेऊन आली. मी शिंगाडे नेले होते, ते तिनेच सोलायला घेतले. मामाजींचे हात मांडीवर पडून होते.

"पुस्तक लिहून राहिलो मामाजी. जमून नाही राहिलं."

"कोनाले लिवून राहिला?"

"वाचकांना."

"ते कोनत्या टेबलावर बसते?"

मी चहाचा घोट घेतला.

"बिना टेबलाचा अर्ज कोठी जाईन गा? आवक-जावकातच फिरत राहीन. वर 'प्रति' लिवतो आपण, ते कायले? एक मानूस पाह्यजे. ज्याले सांगाले तोंड उघडत नसन, त्यालेच लिवा लागते." मग म्हणाले, "पन मले नोको इचारू बाप्पा. माहा तीस रोवण्यावाला अर्ज तं वायाच गेला. साहेबानं वाचला, अन् काहीच झालं नाही. तवा समजलो, आपली तऱ्हा जुनी झाली. म्हून सोडून देली."

आत्ता सांग, मी स्वतःला म्हणालो. आत्ता.

"चहा चांगला झाला जी," मी म्हणालो.

परत येताना पुलावर गाडी थांबवून उभा राहिलो. वैनगंगेकडे पाहिलंही नाही. घरी आल्यावर पलंगाखालून पेटी ओढली. तो गठ्ठा मी इतकी वर्षं का उघडला नव्हता, हे मला ठाऊक होतं. फार खोल जावं लागलं नाही. मधोमध तो कागद होता, कोरी बाजू वर करून. क्षणभर वाटलं, हा तर पाठकोराच, यावरच लिहावं. उलटला. समासांपर्यंत नावं, वर विषय, कोपऱ्यावर ठसा.

भिंतीवरची नऊ कार्डं काढली. बायकोला समोर नाही, शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मले काहून सांगून राहिले? ज्याले सांगाचं त्याले सांगा ना." मग गठ्ठ्यातला दुसरा, खराच वाया गेलेला एक कागद घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर उभ्याने, पुटपुटत लिहिलं. ओठ हलत होते, हलू दिले. फेअर केलं नाही. खाडाखोडीसकट कारध्याला पाठवलं. पुस्तक दिवाळीपर्यंत होईल की नाही, मला माहीत नाही. संपादकांना तसं कळवलं आहे आणि बाबांनाही. पण या पुस्तकाचं पहिलं पुरं झालेलं पान हे आहे. त्याची नक्कल इथे देतो.

प्रति,
अर्जीवाले मामाजी,
मु. कारधा

विषय :

मामाजी, हे पत्र ताई वाचून दाखवतील. त्यांनाही कळेल, कळू द्या.

त्या दिवशी ओट्यावर तुम्ही म्हणालात की साहेबांनी तुमचा अर्ज वाचला आणि काही झालं नाही. साहेबांनी तो वाचला नाही जी. तो त्यांच्यापर्यंत गेलाच नाही. मी तो खिडकीत ठेवून घेतला आणि माझ्या मनाने सहा ओळींचा दुसरा केला. मला तुमच्या अर्जाची लाज वाटली. बाईला तुमचा अर्ज समजून मी माझ्याच अर्जावर अंगठा करायला लावला. मग तुम्ही नमुने विकत आणलेत, तेही मी पाहिलं. तुमचे रिकामे हात रोज पाहिले आणि बोललो नाही.

त्या बाईकडे परवा जाऊन आलो. ती स्वतःच्या बांधीत निंदण करत होती. तिला सगळं सांगितलं. तिने हातातलं तण बांधावर टाकलं. मग म्हणाली, "दोन वर्सं गेली बाप्पा माही, तुह्या चांगल्या अक्षरापायी." मी ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मामाजीले सांगितलं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मंग आधी त्याले सांग. तुमचं लिवलेलं पोचलं नाही, असं मी त्याच्या तोंडावर म्हणली. माह्या जिवाले ते लागून आहे." जाताना तिने मला तुमच्यासाठी निरोप दिला, की त्या बांधीत आता बत्तीस रोवणे झाले, पण अर्जात तीसच राहू द्या.

मी माफी मागत नाही जी, ती द्यायची की नाही ते तुम्ही पाहा. मला एवढंच सांगायचं आहे की तुमची तऱ्हा जुनी झाली नव्हती. मी ती थोडी बदलून माझीही केली आहे. शिंगाडे मला जमले नाहीत. मला पाठकोरा कागद लागतो आणि एक माणूस लागतो. हे पत्र तशाच कागदावर आहे, मागे कोणाचा तरी रद्द झालेला रहिवासी दाखला आहे, तो वाचू नका.

सोबत तुमचा मूळ अर्ज जोडला आहे, पान एक. ताईंना म्हणावं, कोपरा हाताला लावून दाखवा. ठसा अजून आहे.

वर दोन बोटं जागा सोडली होती. आता भरतो.

विषय : तुमचा अर्ज वाया गेला नव्हता, तो मी अडवला होता, हे कळविण्याबाबत.

आपला,
खिडकीतला